निवडलेला तांदूळ

सरूबाई गेल्याची चिठ्ठी आली तेव्हा मी तुमसरच्या घरी, दारात उभी राहून शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून भांडत होते. कारध्याहून दादाने, आमच्या भावाने, एसटीच्या कंडक्टरजवळ दोन ओळी लिहून दिल्या होत्या. "सरू सकाळी गेली. ताबडतोब ये." खरं सांगते, आधी रडू आलंच नाही. आधी मनात आलं, मेलं, आता तिला सांगायचं राहूनच गेलं... त्याला सव्वा महिना झाला. ते एक सांगणं अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सरूबाई माझी थोरली बहीण. आई वारली तेव्हा मी पाच वर्षांची आणि ही बारा-तेराची. माझी वेणी, माझं दप्तर, माझं दुखणंखुपणं, सगळं तिच्या हातून झालं. भाताच्या रोवणीला तिच्या ओळीत उभं राहायला बाया घाबरत, इतका तिचा हात चाले. गुडघाभर चिखलातून बाहेर आली की तिचं पहिलं काम म्हणजे नदीवर बसून पाय घासणं. "हात कसेई राहू दे वो चंदे, पाय साजरे पायजे!" म्हणायची. सणासुदीला न्हावीण बायांच्या पायांना लाल माहूर लावायला घरी आली की तिची वाटी सगळ्यांत आधी हिच्यापुढे. मिरवायची, हो. मिरवण्यासारखे होतेच तिचे पाय.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास, लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर, तिला हुडहुडी भरून ताप येऊ लागला. ताप यायचा, डावा पाय सुजायचा, ताप गेला की सूज उतरायची. एकदा उतरलीच नाही. हत्तीपाय. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे डासांमुळे होतं, शिवल्याने होत नाही, रक्ताच्या नात्याने पोराबाळांत जात नाही. गोळ्या दिल्या, पाय रोज साबणाने धुवायला सांगितला. पण डॉक्टरचं ऐकतो कोण! सासरच्यांनी तिला कारध्याला आणून सोडलं आणि नवऱ्याने दुसरी केली. मग एकेक सुटत गेलं. चिखलात कातडी फुटायची म्हणून रोवणी सुटली. पोरं मागून चिडवायची म्हणून नदी सुटली. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला अख्खं गाव लोटायचं, तेव्हा ही अंगणात बसून लांबून ढोलकी ऐकायची. लुगडं घोट्याच्याही खाली ओढून नेसू लागली, आणि मांडीवर कायम सूप. गल्लीतल्या सगळ्यांचे तांदूळ तीच निवडून द्यायची. आम्ही म्हणायचो, केवढी कामसू! मांडीवर सूप असलं की पायाकडे कुणाची नजर जात नाही, हे समजायला मला कितीतरी वर्षं लागली. आणि समजल्यावर मी त्याचा काय उपयोग केला, तेच सांगायचं आहे.

माझ्या पुष्पाचं लग्न गोंदियाच्या घरी ठरलं. मुलाची आई भारी चौकस. पोरगी बघायला आली तेव्हाच तिने विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाले काही दुखणंबिखणं तं नाई ना?" मी नाही म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. पण लग्नाला सरूबाईला बोलावलं नाही असं कसं चालेल? पुष्पा उन्हाळ्याच्या सुट्टीभर तिच्याच मागे "मोठीआई, मोठीआई" करत फिरायची. सरूबाई दोन दिवस आधीच आली, नवं हिरवं लुगडं घेऊन. लग्नाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे तांदळाचं पोतं ठेवलं होतं. "सरूबाई, सैपाकाचा तांदूळ निवडाचा राहिला वो. तुह्यासारखं कोणाले जमते? एवढं करून दे."

खोटं बोलले मी. आमचे हे राइस मिलमध्ये मुनीम. तो तांदूळ मिलमधल्या बायांनी आठ दिवस आधीच चाळून, निवडून भरला होता. लग्नाच्या स्वयंपाकाचा तांदूळ तर केव्हाच मांडवामागे जाऊन पडला होता. मला फक्त ती दिवसभर त्या खोलीत हवी होती. तिने पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ तळहातावर पसरला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळायचं राहिलं असेल? जन्मभर तांदूळ पाहिलेली बाई! "आण सूप," एवढंच म्हणाली.

न्हावीण माहूर घेऊन आत गेली तेव्हा सरूबाईने उजवा पाय पुढे केला, डावा लुगड्याखालीच ठेवला. "एकालेच लाव," म्हणाली. न्हावीण ते मला बाहेर येऊन सांगू लागली, तर मी तिच्यावरच खेकसले, कारण विहीणबाई चार हातांवर बसल्या होत्या.

दिवेलागणीला पुष्पाची पाठवणी झाली आणि तेव्हा कुठे मला बहीण आठवली. ताट वाढून आत गेले. पोतं तळाला गेलेलं, चादरीवर तांदळाचा ढीग. "तांदूळ मोठा साफ हाय, चंदे. एकई खडा नाई निंगाला." बस्. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिथेच तिचे पाय धरले असते. दिल्या नाहीत, आणि मीही धरले नाहीत. सकाळच्या पहिल्या एसटीने ती गेली आणि पुन्हा तुमसरला आली नाही. मी कारध्याला जायचे, आज बोलायचंच असं ठरवून जायचे, आणि चहा पिऊन परत यायचे. लोकांना सांगून ठेवलं होतं, सरूबाई लाजते, चारचौघांत येत नाही. पुष्पालाही तेच सांगितलं. लाज तिला नव्हती हो, मला होती.

तेरवीनंतर दादाने तिचं सूप मला दिलं. बांबूचं, कडा चिंध्यांनी शिवलेल्या. गेल्या आठवड्यात मिलमधून तांदळाचं पोतं आलं, ते फोडून मी सूप मांडीवर घेतलं आणि ओसरीत बसले. पायलीभर झाला नाही तोच कंबर धरली. पुष्पा माहेरी आलेली. "आई, साफ तांदूळ काहून निवडून राहिली?"

सांगितलं तिला. सगळं. वाटलं, ओरडेल, निदान रडेल.

ती माझ्याजवळ ओसरीत टेकली. मग म्हणाली, "निघाच्या आधी मी गेली होती आत, पाया पडाले. मोठीआईनं पाय आत वढला अन् माह्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, बाहेर चाल ना मोठीआई. तं म्हणते कशी, तुह्या मायचा माह्यावरच भरोसा हाय बाई, सगळ्यायच्या जेवणाचा तांदूळ तिनं माह्यापाशी देल्ला. मी उठली तं कसं होईल?"

पुष्पाने सूप माझ्या हातातून घ्यायला हात पुढे केला. मी दिलं नाही. पोतं अजून अर्ध्यावरही आलेलं नाही.