वांगी झाडावर, गिट्टी रस्त्यावर

"मजुरी वाढली ना? मग काम किती वाढलं ते दाखवा. नाहीतर निम्मी गँग कमी करा." डेप्युटी इंजिनिअर साहेब जीपमधून पुरते उतरलेही नव्हते.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं, मीही नवीन होतो. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर बांधकाम खात्याची रोजंदारीवरची गँग होती आणि मी तिचा ओव्हरसियर. बाया दगड फोडून गिट्टी करायच्या, पुरुष ती पसरायचे. किमान वेतन, म्हणजे ज्याच्या खाली मजुरी देताच येत नाही तो दर, सरकारनं नुकतंच वाढवलं होतं. साहेब पुण्याचे. मजुरी सोमवारी वाढली की काम मंगळवारी वाढावं, असा त्यांचा हिशेब.

पहिले काही दिवस काम तसूभर वाढलं नाही. भाकरीसोबत आता वरण येऊ लागलं आणि वरणामागून डुलकी. निम्मी माणसं काढायची तर कोणती? कौतिकाबाई आणि तिचा नवरा, दोघंही याच गँगवर. गँगमधली सगळ्यांत जुनी तीच, म्हणून तिलाच विचारलं.

"बाई, ढीग तेवढेच दिसतात."

"दम धरा जी. लय दिवसाची झोप बाकी हाये."

मी दम धरला. दुसरं करणार काय? आणि खरंच, हळूहळू ढीग वाढू लागले. गिट्टी मोजायला बिनबुडाची लाकडी पेटी असते. ती ठेवायची, भरायची, उचलायची. पेट्या भराभर भरू लागल्या.

साहेब आले, ढिगांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेटी लहान केलीत की काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात श्रीपतराव सायकल ढकलत आले. रस्त्याला लागूनच त्यांचा भाजीचा मळा.

"साहेब, तुमच्या सरकारनं माह्या वांग्याचा सत्यानाश केला!"

"सरकारनं? वांग्याचा?"

"नाहीतर काय! ह्याच बाया पहाटे माह्याकडं वांगे तोडाले येत, मंग तुमच्या रस्त्यावर. आता म्हणतात, येत नाही. वांगे झाडावरच पिवळे पडून राह्यले!"

साहेब कौतिकाबाईकडे वळले. "पहाटे त्यांच्याकडे राबून मग इथं यायचात?"

"हाव जी. एका मजुरीत भागत नव्हतं. इथं येईपर्यंत हात गळून जात."

"आम्हाला कसं कळलं नाही?"

"तुमची जीप ऊन चढल्याबिगर कुठं येते जी?"

गँग हसली. साहेबही हसले, जरा उशिरा. मग स्वतः पेटीला हात लावून एक ढीग मोजून घेतला आणि गँग कमी करायचं पुन्हा बोलले नाहीत. श्रीपतरावांनी चिक्कार कुरकुर केली, शेवटी मळ्यातली मजुरी वाढवली आणि दुसऱ्या बाया मिळवल्या.

मजुराचं काम कमी दिसलं, तर तो आपल्याकडे येण्याआधी कुठे राबून आला हे आधी विचारावं, एवढं मी शिकलो. साहेबांनी वर कळवलं ते वेगळं: काम वाढलं ते कडक देखरेखीमुळे. देखरेखीला मीच होतो, त्यामुळे मला चांगला शेरा मिळाला.