कल्हई उडालेली कळशी

आमचे अण्णा शाळामास्तर. कराडजवळच्या आमच्या गावात पोरांना शास्त्र समजावून सांगायचं त्यांना वेडच होतं. माठाला घाम का फुटतो, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवूनच का बसवतात, काहीही विचारा. हातातला घास टाकून सांगत बसायचे. पोरं खूश. आई मात्र म्हणायची, "यांना एकदा तोंड फुटलं की झालं!"

मला बघायला सांगलीकडची मंडळी आली ती ऐन चैत्रात. लढाई चालू होती. मुलगा पलटणीत, रजेवर आलेला. सरळ सांगते, मला तो आवडला. पोहे देताना बशी कलंडली तशी त्यानं ती पटकन धरली. तेवढ्यावर माझं मन जडलं, दुसरं काय!

उन्हातून आलेल्यांना ताक द्यायचं. एरवी आमचं ताक मातीच्या मडक्यात. पण सोयऱ्यांपुढे मडकं कसं काढायचं? म्हणून आईनं पितळेची कळशी चिंचेनं घासून लखलखीत केली आणि सकाळीच ताक तिच्यात ओतून ठेवलं. आतली कल्हई केव्हाच उडाली होती. लढाईमुळे कथील मिळेना, कल्हईवाला गावात फिरकेना. घाईत आईच्या ध्यानातच आलं नाही. ताक कळकलं.

मुलाबरोबर आलेल्या त्याच्या पुतण्यानं, एवढंसं पोरगं ते, पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. "शी! कसलं लागतंय!"

दुसरा एखादा बाप म्हणाला असता, राहू दे बाळा, पाणी पी. अण्णांचे डोळे चमकले. "शाब्बास! बरोबर ओळखलंस!" पोराला जवळ ओढलं, कळशी मागवली, उजेडात तिरकी धरून आतली हिरवट झाक दाखवली. "पितळेत तांबं असतं. ताकातला आंबटपणा त्याला खातो, मग तांबं ताकात उतरतं. मध्ये कथलाचा पातळ थर असला की ताक पितळेला शिवत नाही. आमच्या कळशीचा थर गेलाय, बघ!"

"मग प्यालं तर?"

"पोटात ढवळतं. उलटीसुद्धा होते."

सगळ्यांचे पेले खाली आले. मुलाची आत्या उठलीच. "आवं मास्तर, म्हंजी आमास्नी इख पाजलं व्हय?"

"थोडंसंच," अण्णा म्हणाले. अहो, हसत म्हणाले!

आईनं दाराआड तोंडात पदर कोंबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरम तरी कशाकशाची सांगू? त्या कळशीची, आईच्या हुंदक्याची, अण्णांच्या हसऱ्या तोंडाची. आणि तो माझ्याकडे न बघता पायात बूट चढवत होता, त्याची तर सगळ्यात जास्त.

"कळवतो," म्हणून मंडळी गेली. कळवायचं काय राहिलं होतं? मी पेले गोळा करत होते. अण्णा जवळ आले, चेहरा विचारात पडलेला. वाटलं, आता तरी काही बोलतील.

"पोरगं हुशार होतं गं. कळलं असेल का त्याला नीट?"

"कळलं, अण्णा," मी म्हणाले. "सगळ्यांनाच कळलं."