शांतवनचा रविवार

गेवराईला पुतणीच्या साखरपुड्याच्या पंगतीत बसलो होतो, तेव्हा शांतवनच्या दुकानातल्या रशीदचा फोन आला. "शांतवनभाऊ गेले. दुकानातच छातीत कळ आली," एवढंच म्हणाला. त्याला आता महिना होत आला. शांतवन माझा शाळेपासूनचा दोस्त. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, त्याचं दुकान आमच्या गावच्या चौकात होतं. लोक भेटतात, त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, मीही मान हलवतो. पण खरं सांगायचं तर तो मला पुरता कळला नाही... अजूनही नाही.

शांतवन ख्रिस्ती. रविवारी सकाळी उपासना, मग घर. दुकान बंद म्हणजे बंद. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात बोअर आटायचे, मोटारी कोरड्या फिरून जळायच्या, त्यामुळे त्याच्याकडे रीघ असायची. अशाच एका रविवारी गावातले शेतकरी दगडूआबा जळालेली मोटार घेऊन थेट त्याच्या घरी आले. मी तिथंच चहा घेत होतो. "दावणीला जनावरं वरडायलीत," आबा म्हणाले, "आजच्या आज भरून दे. दुप्पट घे."

"आज न्हाई दुकान उघडायचो, आबा. उद्या उजाडताच बसतो."

"तवर जनावरांनी काय करावं?"

शांतवन उठला. त्यानं उपासनेचा पांढरा सदरा काढला, जुना चढवला आणि आबांच्या मागे चालू लागला. मीही गेलो. विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं. दोर-बादली घेऊन तो सांजेपर्यंत शेंदत राहिला. जनावरं पाणी प्यायली. त्याच्या तळहातांची सालटी निघाली. परत येताना मी विचारलं, "याच्यापरीस मोटार भरणं सोपं होतं. कावून भरली न्हाईस?"

"मोटार भरली की पैसे घेणं आलं. तो धंदा झाला. रविवार धंद्याचा न्हाई."

"मग फुकट भरायची."

"हां, ते बी हाय," तो म्हणाला. "मला सुचलंच न्हाई बघ." तो थट्टा करत होता का, हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. हसत तर नव्हता.

मी तेव्हा सहकारी साखर कारखान्यात, विद्युत विभागात होतो. मोटारींच्या देखभालीचं कंत्राट निघालं तेव्हा साहेबांना मीच शांतवनचं नाव सुचवलं. अट एकच, गाळप चालू असताना रविवारची सुट्टी नाही. त्याच्या बायकोला, रूथवहिनींना, हे कंत्राट फार हवं होतं. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. शांतवननं विचाराला वेळ मागितला, प्रार्थना केली आणि येऊन सांगितलं, "न्हाई जमायचं." वहिनी मला म्हणाल्या, "देव आधी, हे मला बी मान्य हाय, भावजी. पण लेकीचं शिक्षण थांबव, असं देवानं कुठं सांगितलं?" मुलगी त्या वर्षी घरीच राहिली.

कंत्राट रशीदला मिळालं. तोही तेव्हा स्वतःच्या दुकानात मोटारीच भरायचा. या कामासाठी त्यानं कर्ज काढून दुकान वाढवलं. पुढे पावसानं पाठ फिरवली. फडात ऊसच नाही म्हटल्यावर तोडणीच्या टोळ्या दूर निघून गेल्या, त्या हंगामात कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही आणि रशीदला दुकानाला कुलूप घालावं लागलं. सगळे म्हणू लागले, देवानं शांतवनला वाचवलं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, वहिनीही म्हणाल्या. तो मात्र चिडला. "तसं म्हणू नका. मंग रशीदला कुणी बुडवलं?"

त्यानंतर कित्येक दिवस तो बेचैन होता. एके दिवशी रशीदला आपल्या दुकानात घेऊनच आला, निम्म्या भागीदारीत. घरात विचारलं नव्हतं. मुलीचं शिक्षण आणखी लांबलं. पुढे ती गेली नर्सिंगला, शिकली, पण वडिलांशी मोजकंच बोलायची. शुक्रवारी दुपारी रशीद नमाजला जायचा, तेव्हा शांतवन एकटा बसायचा. मी एकदा विचारलं, "कंत्राट सोडलंस ते बरोबर झालं का रे?"

"मला बी ठाव न्हाई," तो म्हणाला. "देवाला विचारलं होतं. उत्तर आलं असं वाटलं... तसा वागलो."

परवा आमच्या विहिरीवरची मोटार भरायला टाकली होती, ती आणायला गेलो. रशीदनं वायरी जोडल्या, बटणाकडे हात नेला आणि थांबला. दुसरा हात मोटारीवर ठेवून, खाली बघत उभा राहिला. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "दाब की."

"जरा थांबा," रशीद म्हणाला. "भाऊ करंट द्यायच्या आधी असे थांबायचे. काय म्हणायचे ते मी कधी विचारलं न्हाई."

"मग तू काय म्हणतोस?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. नुसता थांबतो."

मीही मान खाली घातली. मग त्यानं बटण दाबलं.