पूजेतली फ्लॉपी

मंडळी, आज खंडेनवमी. दुपारी नदीपलीकडच्या अष्टमी गावातून सुलभाताईंचा फोन आला, "कंप्युटर चालूच होत नाय, लगेच या." त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. एक मुलगी नोकरीच्या अर्जासाठी थांबली होती आणि उद्या दसऱ्याची कचेरीला सुट्टी.

मी रोह्यात कंप्युटर दुरुस्त करतो, लगेच पूल ओलांडून गेलो. मशीनला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, आणि स्क्रीनवर सिस्टीम डिस्क नसल्याचा मेसेज. फ्लॉपी आत राहिली की हे होतंच. मशीन आधी फ्लॉपीत विंडोज शोधतं आणि तिथेच अडकतं.

ती काढायला हात घातला, तर ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "ती मी ठेवलीय. पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाय. टायपिंग करा, त्याला कोण नाय म्हणतंय."

वाद घालायला वेळ नव्हता. सेटअपमध्ये जाऊन विंडोज शोधायच्या यादीत हार्ड डिस्कला पहिला नंबर दिला. फ्लॉपी जागेवरच राहिली आणि विंडोज उघडलं.

अर्ज घेऊन मुलगी पळाली. सासूबाई सुनेला म्हणाल्या, "बघितलंस गो, काढली असती तर झाला असता चालू?"

मी चहा प्यायलो आणि निघालो. तुम्ही काय सांगितलं असतं?