जुनी फाइल

म्हैसूरजवळच्या हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी माझ्या शेजारी बसायचे. कारखान्यातल्या यंत्रांची सेटिंग्ज एक्सएमएल फाइलीत साठवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला. तो नवी सेटिंग्ज आधी वेगळ्या फाइलीत लिहायचा, ती उघडून शेवटच्या टॅगपर्यंत, म्हणजे फाइल पूर्ण झाल्याच्या खुणेपर्यंत, वाचायचा आणि सगळं नीट असलं तरच जुनी फाइल पुसायचा. मी सांगलीची, घाईची. थेट जुनीवरच लिहिलं तर काय बिघडतं, असं मी विचारलं होतं.

"मधेच करंट गेला तर? नवी अर्धी, जुनी नाहीच. मत्ते यंत्राला काय सांगणार तुम्ही?"

त्यांचं मराठी असं, तीन पिढ्या म्हैसूरात मुरलेलं, 'मग'च्या जागी कानडी 'मत्ते' येणारं. नव्या चपला घेतल्या की आठवडाभर जुन्याही सोबत पिशवीत घालून आणायचे. चावल्या तर?

यंदा त्यांचं काम माझ्याकडे द्यायचं ठरलं. त्यांना दुसरं काम दिलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याशी बोलताना स्क्रीनकडेच बघायला लागले.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला प्रोग्रॅम चालवायला सांगितला आणि मधेच प्लग काढला. जुनी फाइल शाबूत होती. पुन्हा चालवायला लावला. या वेळी तयार झालेली नवी फाइल त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"सरी, बरोबर. आता जमतंय तुम्हाला."

मग कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव स्वतःच पुसलं.