उचलून लावायचं दार

तापलेल्या रेक्झीनचा वास आला की ठाकुर्लीची ती दुपार आठवते. माझी पहिली जुनी गाडी, पद्मिनी, मी तिथल्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतलेली. विठ्ठलवाडीच्या मेकॅनिककडून तिचं लोंबणारं दार सरळ करून घेतलं आणि हौसेने दोघा नवरा-बायकोंना दाखवायला गेलो. मास्तर बॉनेटपाशी रमले. काकू पुढच्या सीटवर बसल्या आणि सवयीने दार जरा उचलून ओढायला लागल्या. "काकू, आता नुसतं ओढा, लागतं," मी म्हणालो. दार अलगद बसलं. "बरं केलंस रे," त्या म्हणाल्या, "हे दार फक्त मलाच लावता यायचं. ह्यांनाही कधी जमलं नाही." मग चक्कर मारून येईपर्यंत त्यांचा हात त्या दारावरच होता. त्यांच्या बाजूच्या काचेचं हँडल अजून अडकतं. मेकॅनिक दरवेळी विचारतो, मी राहू दे म्हणतो.