सगळ्यांचीच वरची आळी

समीना आतार भोरच्या सर्व्हे ऑफिसात लागली ती झेरॉक्सच्या काउंटरवर. बीकॉम झालेली, हात चलाख, तोंड त्याहून. नकाशांच्या खोलीत माणूस कमी पडला तेव्हा हनुमंत सरांनी तिला आत बोलावलं. काम सोपं, पण जीव खाणारं. ड्रोनच्या फोटोवर गावातली एकेक आळी मधोमध आणायची, वर नाव टाकायचं, नकाशा साठवायचा, की पुढची आळी. दुपारपर्यंत मनगट धरायचं.

"सर, हे कॉम्प्युटरलाच सांगितलं तर?"

"काय सांगणार? बाबा रे, तूच कर?"

"तसंच काहीतरी."

डबा खाताना मोबाईलवर व्हिडिओ बघून ती पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, शिकत होती. एक कंस सुटला की पडद्यावर सगळी लाल अक्षरं. शेवटी एकदाचा लूप चालला. आळी घे, नकाशा तिच्यावर आण, आळीच्या नावानं साठव, पुढच्या आळीवर जा. नकाशे आपोआप सरकायला लागले तशी ती खुर्चीवरनं उठून उभीच राहिली.

सर काही उठले नाहीत. "पाणीयोजनेचे सगळे नकाशे तुझ्या कोडनं काढ. चोख निघाले तर ठीक. नाहीतर तू परत झेरॉक्सला, मी दुसरा माणूस बघतो."

चहा निवायच्या आत नकाशे निघाले. तेवढ्यात पासली गावचे सोनबा आपल्या आळीचा नकाशा न्यायला आले. दुपारी ग्रामसभा होती, नळाची लाईन कुठून न्यायची ते ठरायचं होतं. समीनानं 'वरची आळी' छापली आणि ऐटीत त्यांच्या हातात दिली.

सोनबांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"पोरी, ह्यो काळा पट्टा कशाचा?"

"हायवे, तात्या," ती बोलून गेली.

"आमच्या आळीतनं हायवे? सकाळी निगालो तवा तर चिखलच व्हता!"

"तात्या, थांबा जरा..."

"न्हाई, ऱ्हाऊ दे की. पोरांची लग्नं तरी जमत्याल."

सर जागेवरूनच म्हणाले, "ही किकवी आहे, समीना."

किकवीला वरची आळी, मार्गासनीला वरची आळी, पासलीलाही वरची आळी. लूपनं सांगितल्याप्रमाणे आळीच्या नावानं साठवलं होतं. नाव एकच, म्हणून पासलीच्या नकाशावर मार्गासनीचा चढला, मार्गासनीच्यावर किकवीचा. आधीची फाईल पुसताना विचार, असं तिनं त्याला सांगितलंच नव्हतं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"पासलीचा हातानं काढून दे," सर म्हणाले. "मग आपण बोलू."

काय बोलणार ते समीनाला कळलं. "सर, हातानं यांचं एकट्याचं काम होईल. बाकीची गावं तशीच चुकलेली राहतील. एक ओळ बदलायचीय फक्त."

"बदल गं," सोनबा बाकावर टेकले. "टेम्पोवाला भाचाच हाय माझा. वरडू दे."

आधी गावाचं नाव, मग आळीचं. तिनं पुटपुटत ओळ लिहिली, कंस मोजले, लूप चालवला. पासलीची वरची आळी वेगळी साठवली गेली. या वेळी छापलेला कागद तिनं आधी स्वतः नीट बघितला, मग पुढे केला.

"व्हय, ह्यो आमचा वढा. आन् हे काय?"

"तुमचं छप्पर असेल, तात्या."

"आयला! कौलं फुटल्याली वरनं बी दिसत्यात?" कागदाची सुरळी करून ते निघून गेले.

समीना सरांकडे वळली. "बोलू म्हणालात."

"एकाच नावाची दोन गावं असली तर?"

"तालुका पण घालते."

"घाल. आणि छापायच्या आधी एकेक नकाशा उघडून बघायचा. कोडनं नाही, डोळ्यांनी."

"म्हणजे मी आतच ना?"

"आधी बघून तर होऊ दे."

तिनं तालुक्याचं नाव जोडलं, लूप पुन्हा चालवला आणि पहिला नकाशा उघडला.